बत्तीसपैकी अकरा

'लिबरल आर्ट्स कॉलेज' या नावाचे मराठी मला आजवर नीट करता आलेले नाही. 'कला महाविद्यालय' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्रे आणि शिल्पे येतात, आणि 'उदार' हे विशेषण पुढे जोडले की ती धर्मादाय संस्था वाटू लागते. मी अशा एका छोट्या अमेरिकन कॉलेजात गेली चौदा वर्षे संगणकशास्त्र शिकवते. तिथे अभियांत्रिकीची शाखा नाही, पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, दोनशे जण बसतील असे व्याख्यानगृहही नाही. जे आहेत ते सगळे पदवीपूर्व विद्यार्थी. पहिल्या वर्षी त्यांनी कोणत्याही विषयाशी बांधून घ्यावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते, आणि संगणकशास्त्रात मेजर करणाऱ्या, म्हणजे तो मुख्य विषय घेतलेल्या, मुलीने एखादे सेमिस्टर ग्रीक शोकांतिका, भूगर्भशास्त्र, नृत्य आणि अल्गोरिदम असे चार कोर्स एकत्र घेतले तर तिला कोणी वेड्यात काढत नाही.

पदवीसाठी एकूण ३२ कोर्स लागतात, म्हणजे आठ सेमिस्टर आणि प्रत्येकात चार. त्यांतले अकरा आमच्या विभागाच्या हिशेबात येतात, पण त्या अकरांपैकी दोन गणिताचे असतात. निव्वळ संगणकशास्त्राला उरतात नऊ. मी स्वतः अभियांत्रिकीतून आले. तिथे पहिल्या वर्षाच्या शेवटापासून अखेरपर्यंत काय शिकायचे हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले होते आणि त्यातले बहुतेक सगळे यंत्रांविषयीच होते. त्यामुळे इथे रुजू झाल्यावर पहिली दोनतीन वर्षे मी या नऊच्या आकड्याकडे फक्त कमतरता म्हणून पाहत असे. प्रवेशाआधी कॉलेज पाहायला आलेले पालक विचारत, 'सायबर सुरक्षा शिकवत नाही का? क्लाउड? मोबाइल ॲप?' मग मी ओशाळून सांगत असे की त्यातले काही थोडेफार प्रकल्पाच्या कोर्समध्ये येते. हे उत्तर खोटे नव्हते, पण ज्या सुरात मी ते देत असे तो सूर चुकीचा होता.

'लिबरल आर्ट्स' म्हणजे युरोपच्या मध्ययुगीन विद्यापीठांतल्या सात विद्या. व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व या पहिल्या तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या पुढच्या चार. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७४ साली ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे या विषयातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात 'आर्ट' या शब्दाचा इतिहास उलगडताना या सात विद्यांचा उल्लेख केला होता. ही यादी पुन्हा वाचताना एक गोष्ट सहज लक्षात येते, की व्याकरण, तर्क आणि अंकगणित या तिन्हींवाचून आमच्या विषयाचे पान हलत नाही. म्हणजे संगणकशास्त्र या घरात पाहुणे म्हणून आले असे म्हणण्यापेक्षा, बऱ्याच काळाने वेगळ्या वेषात परतले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. इतिहासही तेच सांगतो. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर १९३१ पासून व्हॅसर या लिबरल आर्ट्स कॉलेजात गणित शिकवत होत्या आणि तिथूनच १९४३ मध्ये त्या नौदलात व पुढे संगणकांकडे गेल्या. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली, ती मुख्यतः विज्ञानाच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता यावा म्हणून. तिचा पहिला प्रोग्रॅम १ मे १९६४ रोजी पहाटे चालला. छोट्या कॉलेजांसाठी वेगळा आदर्श अभ्यासक्रम असावा हा विचार नॉर्मन गिब्ज आणि ॲलन टकर यांनी १९८६ मध्ये लेखी मांडला, आणि १९९६ व २००७ मध्ये इतरांनी त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. त्या वाचून मला धीर आला. कमी कोर्समध्ये विषय बसवण्याची ही कसरत माझ्या आधी अनेकांनी केली होती, आणि त्यांच्यापैकी कोणीही तिच्याबद्दल माफी मागितलेली नव्हती.

आमच्या विभागात आम्ही चौघे आहोत. त्यामुळे एखादा विषय शिकवायचा की नाही ही चर्चा आमच्याकडे तात्त्विक राहत नाही. एक विषय आत आला की दुसरा बाहेर जातो. ऑपरेटिंग सिस्टिम्स एका वर्षाआड होतो. नेटवर्क्स स्वतंत्र कोर्स म्हणून कधीच नव्हता. सहा वर्षांपूर्वी आम्ही कम्पायलरचा, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोर्स बंद केला आणि गणनेचा सिद्धांत, म्हणजे यंत्राला मुळात काय सोडवता येते आणि काय येत नाही याचा अभ्यास (ऑटोमेटा, औपचारिक भाषा आणि अनिर्णेयता), सर्वांना अनिवार्य ठेवला. या निर्णयावर आमच्यात खडाजंगी झाली. कम्पायलर लिहिलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही मोठ्या प्रोग्रॅमला घाबरत नाही, हे माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे मला आजही पटते. पण सिद्धांताच्या बाजूने जो मुद्दा निर्णायक ठरला तो असा, की गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये जे सिद्ध केले ते आजच्या अर्थाने संगणक नावाची वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वी केले आणि म्हणूनच ती वस्तू कितीही बदलली तरी ते जुने होत नाही. कोणताही प्रोग्रॅम दिला तर तो थांबेल की अखंड चालत राहील हे नेमके सांगणारा एकच सर्वसाधारण प्रोग्रॅम लिहिता येत नाही, हे ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने सिद्ध केले आहे, तो 'तंत्रज्ञान एक दिवस सगळेच सोडवेल' हे वाक्य पुन्हा पूर्वीसारखे ऐकू शकत नाही. आणि हा कोर्स तत्त्वज्ञानाचे विद्यार्थीही घेतात, जे कम्पायलरकडे चुकूनही फिरकले नसते.

या 'बाहेरच्या' विद्यार्थ्यांनी मला जे शिकवले ते थोडे सविस्तर सांगते. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सला आमच्याकडे २४ विद्यार्थी असतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक कधीच संगणकशास्त्रात मेजर करणार नसतात. एका वर्षी तत्त्वज्ञानाच्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच तासाला हात वर केला आणि फळ्यावरच्या एका ओळीकडे बोट दाखवून म्हणाला, 'हे विधान असत्य आहे.' ओळ होती 'क्ष = क्ष + १', अर्थात रोमन लिपीत. मी सवयीने सांगितले की इथे बरोबरचे चिन्ह समतेचे नाही, मूल्य ठेवण्याचे आहे. त्याचे समाधान झाले नाही. 'मग समतेचेच चिन्ह का वापरले?' माझ्या स्वतःच्या शिक्षणात हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, कारण आम्ही सगळे ते चिन्ह जणू पावसाळ्यासारखे नैसर्गिक मानून पुढे गेलो होतो.

पुढच्या तासाला मी तयारी करून गेले. फोरट्रान या सुरुवातीच्या प्रोग्रॅमिंग भाषेने मूल्य ठेवण्यासाठी समतेचेच चिन्ह घेतले. आल्गोल या भाषेच्या कर्त्यांना ते खटकले आणि त्यांनी त्याच्या आधी विसर्गासारखे दोन टिंब लावून वेगळे चिन्ह केले. सी भाषेने पुन्हा साधे चिन्ह उचलले, समतेसाठी ते दोनदा लिहायला लावले, आणि त्यातून उद्भवणाऱ्या चुका आजही लोक शोधत बसतात. बेसिकने मात्र अशा प्रत्येक ओळीच्या आधी 'लेट' हा शब्द लिहायला सांगितला होता. तो सांगताना मला शाळेतले बीजगणित आठवले. 'समजा, क्ष = ५', 'क्ष ही वडिलांच्या वयाची वर्षे मानू'. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने हे 'मानू' शेकडो वेळा लिहिलेले असते. ते विधान नसते, तो एक करार असतो, आणि करार खरा किंवा खोटा नसतो, तो पाळला जातो किंवा मोडला जातो. ही गोष्ट मी त्या वर्गाला इंग्रजीत सांगितली, पण मला ती मराठीतून सुचली होती. त्या दिवसापासून पहिल्या आठवड्यात मी ती ओळ फळ्यावर लिहिते आणि ती खरी आहे का असे आधीच विचारते. एका चिन्हावर पूर्ण तास जातो, पण तो वाया गेला असे मला एकदाही वाटलेले नाही.

रिकर्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एखाद्या भागाने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या, बाबतीतही असेच झाले. बहुतेक पाठ्यपुस्तके ते क्रमगुणित संख्या काढून शिकवतात. त्याने विद्यार्थ्याला काहीच पटत नाही, कारण तेच काम साध्या लूपने, म्हणजे एकच पायरी पुन्हापुन्हा करून, अधिक सरळ होते. मी मात्रांपासून सुरुवात करते. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, हे आपल्याला शाळेतल्या वृत्तांमुळे ठाऊक असते. अमेरिकन वर्गाला मी एका ठोक्याचा आणि दोन ठोक्यांचा स्वर असे सांगते. मग प्रश्न असा, की नेमक्या चार मात्रांच्या ओळीचे किती लगक्रम होतील? विद्यार्थी कागदावर मांडतात: लललल, ललगा, लगाल, गालल, गागा. पाच. पाच मात्रांना आठ. सहा मात्रांना किती हे मोजण्याआधी मी त्यांना थांबवते आणि फक्त शेवटच्या अक्षराकडे पाहायला सांगते. ते लघु असेल तर आधीच्या भागात पाच मात्रा उरतात, गुरू असेल तर चार. म्हणजे उत्तर आठ अधिक पाच, तेरा. मोठा प्रश्न त्याच प्रकारच्या दोन लहान प्रश्नांत मोडतो हे इथे कोणाला मुद्दाम सांगावे लागत नाही. एकदा ढोल वाजवणाऱ्या एका विद्यार्थिनीने बाकावर हे सगळे तेरा क्रम एकामागून एक वाजवून दाखवले, तेव्हा दोन क्रम तिने चुकून एकसारखे वाजवल्याचे वर्गाने लगेच पकडले.

या संख्यांना जग फिबोनाच्चीच्या नावाने ओळखते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा, आणि हेमचंद्र या जैन आचार्याने मात्रावृत्तांच्या संदर्भात हाच नियम त्याआधी, बाराव्या शतकात दिला होता. त्याच्याही पूर्वी विरहांक या छंदशास्त्रकाराने. हे मी एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते. 'आमच्याकडे आधीच होते' या सुराचा मला कंटाळा आहे. इथे छंदशास्त्राचा उपयोग एवढाच, की प्रश्न कवितेतून आलेला असल्यामुळे वर्गातला कोणीही तो आपला नाही असे म्हणू शकत नाही. त्यानंतर आम्ही तोच नियम जसाच्या तसा फंक्शन म्हणून लिहितो आणि चाळीस मात्रांसाठी चालवतो. यंत्र अडखळते. मोजले तर ते फंक्शन स्वतःला ३३,११,६०,२८१ वेळा बोलावते. तेहतीस कोटी हा आकडा दिसला की मला हसू येते, पण ते का येते हे त्या वर्गाला समजावून सांगणे मी केव्हाच सोडून दिले आहे. एकदा काढलेले उत्तर वहीत टिपून ठेवले तर तेच काम ३९ बेरजांत होते. कार्यक्षमता म्हणजे काय हे शिकवण्यासाठी याहून चांगला तास माझ्याकडे नाही.

अल्गोरिदमच्या कोर्समध्ये मी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांचा १९६२ चा निबंध मुळातून वाचायला देते. तो काही पानांचाच आहे. दोन गटांतल्या व्यक्तींच्या परस्परांविषयीच्या पसंतीच्या याद्या दिल्या असता जोड्या अशा लावायच्या, की आपापल्या जोडीदाराला सोडून एकमेकांकडे जाण्यात दोघांनाही फायदा दिसेल अशी एकही जोडी उरू नये. रीत सोपी आहे. एका गटाने पसंतीच्या क्रमाने प्रस्ताव द्यायचे, दुसऱ्या गटाने हाती आलेला सर्वांत चांगला प्रस्ताव तात्पुरता राखून बाकीचे परत करायचे, आणि कोणीही परतवलेला उरत नाही तोवर हे चालू ठेवायचे. या निबंधाच्या शेवटी लेखक मुद्दाम लक्षात आणून देतात, की त्यांची सिद्धता गणिती चिन्हांत नव्हे तर साध्या भाषेत आहे, तिला कॅल्क्युलस लागत नाही, फार काय मोजताही आले नाही तरी ती समजेल, आणि तरीही ती गणितच आहे. या परिच्छेदासाठी मी तो निबंध देते असे म्हटले तरी चालेल.

मग चर्चा सुरू होते आणि ती माझ्या हातून निसटते, जे मला हवेच असते. प्रस्ताव देणाऱ्या गटाला शक्य तितके चांगले जोडीदार मिळतात आणि दुसऱ्या गटाला शक्य तितके वाईट, हे सिद्ध करता येते. अमेरिकेत वैद्यकीय पदवीधरांची रुग्णालयांशी सांगड घालणारी व्यवस्था १९५२ पासून याच जातीच्या पद्धतीने चालत होती, आणि तिचा कल रुग्णालयांच्या बाजूला होता. अर्जदारांच्या बाजूने प्रस्ताव जातील अशी नवी रचना १९९८ च्या फेरीपासून लागू झाली. ती करणाऱ्यांपैकी ॲल्विन रॉथ यांना आणि शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी या टप्प्यावर म्हणाली, 'स्थिर हा शब्द तुम्ही न्याय्य या अर्थाने ऐकवत आहात.' मी तसे केले नव्हते, निदान माझी समजूत तशी होती. पण माझ्या टिपणांत मी खरोखरच दोन ठिकाणी 'चांगली जोडणी' असे लिहिलेले निघाले, जिथे 'स्थिर' लिहायला हवे होते. केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गात ही चूक निघाली असती असे मला वाटत नाही. तिथे सगळ्यांना तो शब्द आधीच तांत्रिक म्हणून ऐकायची सवय असते.

आता जे नीट चालत नाही त्याविषयी. गेल्या दहाबारा वर्षांत आमच्या विषयाकडे लोंढा लागला. वर्ग छोटे ठेवायचे असल्यामुळे प्रतीक्षायादी वाढली. प्रतीक्षायादीत मेजर करणाऱ्यांना प्राधान्य दिले की ज्यांच्यासाठी असले कॉलेज असते तेच बाहेर राहतात, म्हणजे एखादाच कोर्स करू पाहणारा इतिहासाचा विद्यार्थी किंवा तिसऱ्या वर्षी उत्सुकता जागी झालेली जीवशास्त्राची विद्यार्थिनी. आम्ही चोवीसपैकी आठ जागा त्यांच्यासाठी राखल्या. त्यामुळे काही मेजर विद्यार्थ्यांचा एक कोर्स एका सेमिस्टरने लांबला आणि त्यांची नाराजी रास्त होती. पाचव्या प्राध्यापकाची जागा आम्ही तीनदा मागितली. दर वेळी सहानुभूती मिळाली.

दुसरी अडचण माझ्या हातून झालेली आहे. पहिल्या कोर्समध्ये शाळेपासून प्रोग्रॅमिंग करणारे चारपाच जण असतातच, आणि प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने आपल्याला काय काय येते ते जाहीर करत असतात. एके वर्षी मी त्यांच्याशी वर्गात रंगून बोलत राहिले, आणि एका नवख्या विद्यार्थिनीने लूप कुठे थांबतो ते विचारल्यावर, 'ते तर उघड आहे,' असे म्हणून पुढे गेले. ती पुढच्या आठवड्यात कोर्स सोडून गेली. कारण तिने लिहिले नाही आणि मीही विचारले नाही. मला ते ठाऊक होते. हार्वी मड कॉलेजने पूर्वानुभव असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा पहिला कोर्स वेगळ्या तुकड्यांत शिकवायला घेतला, आणि त्याच्या जोडीला आणखी काही बदल केले. तिथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण काही वर्षांत १० टक्क्यांच्या आसपासवरून ४० टक्क्यांवर गेले. आमच्याकडे दोन तुकड्या करण्याइतके शिक्षक नाहीत. मी एवढेच केले, की वर्गातली फुशारकी खाजगीत, सौम्यपणे पण पहिल्याच वेळी थांबवते, आणि 'उघड' व 'फक्त' हे दोन शब्द शिकवताना वापरत नाही. दुसरा शब्द सोडणे फार कठीण गेले. 'इथे फक्त एक अट घाला' असे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो ते मोजल्याशिवाय कळत नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि त्या सेमिस्टरच्या शेवटच्या गृहपाठापासूनच मला काहीतरी बदलल्याचे जाणवू लागले. कोड अचानक नेटका झाला, टिपा अस्खलित झाल्या, आणि 'ही ओळ का लिहिलीस?' या प्रश्नाला उत्तर मिळेनासे झाले. बंदी घालावी की वापर शिकवावा यावर आमच्या विभागात जे वाद झाले ते सगळीकडे झाले असतील, म्हणून ते इथे लिहीत नाही. मी केले ते असे. गृहपाठाचे गुण कमी केले आणि प्रत्येक विद्यार्थ्याला सेमिस्टरमध्ये तीनदा दहा मिनिटे समोर बसवून त्याच्याच प्रोग्रॅमविषयी बोलायला लावले. चोवीस जणांचे होतात एका फेरीला चार तास. तीनशेच्या वर्गात हे अशक्य आहे. आमच्याकडे साहित्याचे आणि तत्त्वज्ञानाचे लोक हे कित्येक दशके करत आलेले आहेत, आणि कशी विचारपूस करावी हे मी इंग्रजी विभागातल्या एका सहकाऱ्याच्या तासांना बसून शिकले. तो विद्यार्थ्याला 'तुला काय म्हणायचे होते?' असे विचारत नाही. 'इथे काय लिहिले आहे?' असे विचारतो. कोडसाठी हाच प्रश्न नेमका आहे, कारण यंत्र आपल्याला काय म्हणायचे होते याची पर्वा करत नाही. आता आम्ही दर आठवड्याला एकदा कोड वाचतो, म्हणजे अक्षरशः एक विद्यार्थी मोठ्याने वाचतो, बाकीचे पडद्याकडे न पाहता ऐकतात, आणि जिथे चलाचे नाव ऐकून काही बोध होत नाही तिथे हात वर करतात. सुरुवातीला मुलांना हे पोरकट वाटते. चलांची नावे मात्र तिसऱ्या आठवड्यापासून सुधारतात.

पालकांचा तो प्रश्न अजूनही येतो. मी आता त्यांना आमच्या नऊ कोर्सची यादी दाखवते आणि त्यातला एखादा काढून त्यांचा विषय कुठे घालावा ते त्यांनाच विचारते. बहुतेक जण हसतात. एका वडिलांनी मात्र यादी शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि विचारले, 'यात कम्पायलर का नाही?' ते निवृत्त प्रोग्रॅमर होते. मी आमचा सहा वर्षांपूर्वीचा वाद त्यांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, पण त्यांना तो पटला नाही. पुढच्या महिन्यात विभागाची बैठक आहे आणि माझ्या सहकाऱ्याने तो विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर घातला आहे. या वेळी मी त्याच्या बाजूने मत द्यायचे ठरवले आहे. त्याच्यासाठी काय काढायचे हे मात्र आम्हा दोघांनाही अजून सुचलेले नाही.